गयामायला मी विचारलं, तू कोण

या दिवाळीला माझी नात सई पुण्याहून आली ती कानात काहीतरी खुपसूनच. कॉलेजात फ्रेंच घेतलंय म्हणे. मी ओसरीवर सुपात शेंगा फोडत बसलेली आणि ही अंगणात हिंडतीय, भिंतीशी बोलतीय, रांजणाशी बोलतीय. म्हटलं बोलू दे, पोरगी लांबून आलीय, तेवढंच घर बोलतं राहील. एवढ्यात ती वासरापुढं उकिडवी बसली, त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाली, "तॅ की, त्वा?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणालीस गं?"

"काही नाही आजी, विचारलं त्याला, तू कोण रे? बोलताना असंच म्हणतात. पुस्तकातलं वेगळं असतं, लांबलचक."

"आन् हे कोनालाबी म्हणायचं असतं का?"

"छे! लेकरांना, दोस्तांना. म्हाताऱ्या माणसाला असं म्हटलं तर काय अर्थ होईल, 'कोण गं तू, कुठून उपटलीस?'" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पण तुझं तोंड असं का झालं? तुला येतं की काय फ्रेंच?"

"मला कुठलं येतंय," म्हणून मी सूप उचललं आणि आत गेले. खोटं बोलले. पासष्टी उलटली तरी या एका वाक्याबद्दल मी खोटंच बोलत आलेय. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं, लिहिणं तर सुटलंच होतं, ते सुना आल्यावर नव्यानं शिकल्यासारखं शिकले. तोंडानं जे सांगता येत नाही ते लिहिता येतंय का, हे बघावं म्हणून बसलेय.

बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल. आमचं घर माळवदाचं, गावात जरा उंचावर. आण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे चेअरमन. घरात खायला होतं, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं. होतं म्हणजे काय, तर लाल मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना माय चिडायची, "हिला चिकटपना म्हून न्हाई, मानसाच्या मायेवानी तुटती." पण भाकरी होती, वर लसणाचा ठेचा होता, कधी येसराची आमटी होती. सकाळी उठलं की दोन आवाज यायचे. एक आडात बादली घासल्याचा, पाण्याचा नव्हे, तळाच्या खडकाचा. आणि दुसरा लांबून, रस्त्याच्या कामावरून, शेकडो बाया खडी फोडायच्या त्याचा. टक, टक, टक. एका तालात नाही, सगळे निराळे, पण ऐकता ऐकता त्याचा एकच आवाज व्हायचा. आजही कुठं बांधकामावर हातोडा वाजला की मला त्या भाकरीचा वास येतो.

आण्णांचं निराळंच चाललेलं. जीपमधून आज बीड, उद्या माजलगाव. तिकडं मोठं धरण व्हायचं, मग ऊस होणार, मग आपला कारखाना होणार, असं रोज आमच्या ओसरीवर चहाबरोबर ठरायचं. बाहेर ढोरांची हाडं निघालेली आणि आत लोक कारखान्याची चिमणी किती उंच असावी त्यावर वाद घालायचे. आता हसू येतं. तेव्हा मला वाटायचं, आपले आण्णा आहेत म्हणून गाव आहे.

सोसायटीचं गोदाम रिकामंच होतं. खत नाही, बियाणं नाही, पेरायचं कशात? म्हणून तिथं सुकडीचं केंद्र निघालं. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल. लेकरांना रोज मापटंभर. ती परतायला आमच्याच गुऱ्हाळातली भलीमोठी काहील आणली. ऊस नव्हता, तर तिला तरी दुसरं काय काम? गोदामाच्या भिंतींत खताचा वास मुरलेला, तो सुकडीला लागायचा. लेकरं तशीच चाटून खायची.

आणि त्या केंद्रावर आली सुलाबाई. खरं नाव सोलांज, फ्रान्सची नर्स, वय असेल पंचवीस. गावानं दोन दिवसांत तिची सुलाबाई केली. फ्रान्स कुठं आलं, असं मायनं विचारलं तर आण्णा म्हणाले, "इंग्लंडच्या शेजारचा तालुका हाय." ती आमच्याकडंच उतरली, माडीवरच्या खोलीत. ठेचा खायची, डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी परत मागायची. माय म्हणायची, "कुनाची लेक, कुठं यिऊन रडती बघ." हिंदीचे शंभरेक शब्द, मराठीचे पन्नास, बाकी हातवारे, असा तिचा संसार. घरातला कुठलाही फोटो दिसला, कुठलंही माणूस दारावरून गेलं की ती बोट करायची, "सॅ की?" म्हणजे हे कोण. माय खंडोबाच्या टाकापासून दुधाच्या म्हातारीपर्यंत सगळं सांगायची आणि तिला त्यातलं काही कळायचं नाही.

लेकरांपाशी मात्र तिची जादू होती. प्रत्येकापुढं ती गुडघ्यावर बसायची, दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची कापडी पट्टी त्याच्या दंडाला गुंडाळायची आणि छातीला बोट लावून हसत विचारायची, "तॅ की, त्वा?" आपल्याकडंही म्हातारी माणसं 'त्वा' म्हणतातच की, त्यामुळं पोरांना वाटायचं बाई अर्धी आपल्यातलीच आहे. उत्तर काय यायचं? आमच्या गावात लेकराला तू कोण विचारलं तर ते आपलं नाव सांगत नाही. ते कुणाचं आहे, हे सांगतं. "मी धोंड्याची." "मी वरल्या आळीच्या सोपानाची." सुलाबाई तेच नाव म्हणून कार्डावर लिहायची. एका दिवशी तिला तीन 'धोंड्याची' सापडल्या, तिघी सख्ख्या बहिणी, आणि ती डोक्याला हात लावून बसली. ते मी सोडवून दिलं. मी तेव्हा तेरा वर्षांची. त्या दिवसापासून मी तिचा उजवा हात झाले. नावं मी सांगायची, कार्डावर खूण मी करायची, आणि काही दिवसांनी सुकडीचं मापटंही माझ्याच हातात आलं.

मापटं हातात आलं आणि मी बिघडले. असं एका दमात लिहिलं की बरं वाटतं, पण तसं एका दमात झालं नाही. आधी तो खेळच होता. रांगेतल्या पोराला मी सुलाबाईच्या ठेक्यात विचारायची, "तॅ की, त्वा?" पोरं खिदळायची, "म्वा, बबन!" म्हणायची, 'म्वा' म्हणजे मी, तेही तीच शिकवायची. मग मी मोठ्या बायांनाही विचारायला लागले. त्या लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या. एखादी म्हणायची, "चेअरमनच्या लेकी, इंग्रजी नगं गं, सुकडी दे." मग मी अडून बसायची, उत्तर आल्याशिवाय मापटं रितं करायचं नाही. हे मी शिकले होते सोसायटीच्या खिडकीवर. तिथला सेक्रेटरी सख्खा चुलत भाऊ आला तरी मान वर न करता विचारायचा, "कोण? नंबर?" नंबर असला तर तू सभासद, नसला तर तू कोणी नाही. मला ते लई भारी वाटायचं. समोरचं माणूस ओळखीचं असताना त्याला ओळख विचारायची, यात केवढी सत्ता आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बघून उचललं.

आता गयामाय. गयामाय आमच्या गावाची सुईण. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. माझी नाळ तिनं कापली, माझ्या दोन्ही भावांची तिनं कापली. दर संक्रांतीला ती यायची, उंबऱ्याच्या बाहेर बसायची, माय तिला खण द्यायची, आणि ती माझी हनुवटी धरून म्हणायची, "सुमे, उलटी आलतीस बघ तू. पाय आदी. म्या फिरवली तुला." जिनं मला पहिल्यांदा हातात धरलं, तिला आमच्या घरात पाणी मात्र वरून ओंजळीत मिळायचं. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण होतं तसंच.

तिचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला लांबच्या कारखान्यावर गेलते. त्यांची दोन वर्षांची पोर, छबी, गयामायपाशी. छबीच्या दंडाला सुलाबाईची पट्टी पिवळ्यावर यायची. पिवळं म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे लेकरू हातचं जाईल. सुलाबाई रोज तिच्या दंडाकडं बघून माझ्याकडं बघायची आणि मी तिचं मापटं जरा दाबून भरायची. तेवढं मी करत होते. ते मुद्दाम लिहिते असं नाही, पण लिहिते.

त्या दिवशी बीडहून साहेब लोक आले होते. तीन-चार जण, पांढरे कपडे, एकाच्या गळ्यात कॅमेरा. आण्णा त्यांना गोदाम दाखवत होते. मी न्हाऊन, वेणी घालून, निळं परकर-पोलकं घालून काहिलीपाशी उभी. सुलाबाई पलीकडच्या टोकाला वजनकाट्यावर होती. साहेब माझ्याकडंच बघत होते, असं मला वाटत होतं. आणि नेमकी तेव्हाच गयामाय पुढं आली. कडेवर छबी, हातात जर्मनची वाटी. अंगावरचं लुगडं धुरकटलेलं, हाताला घाम. तिनं नेहमीसारखी माझी हनुवटी धरली, सगळ्यांसमोर, आणि मोठ्यानं म्हणाली, "सुमे, माजी बाय, टाक गं जरा दाबून. पोरीनं कालपसून काय खाल्लं न्हाई."

एक साहेब हसला. बहुतेक सहजच हसला असेल. पण मला वाटलं तो माझ्यावर हसला. या बाईनं मला शिवलं आणि सुमे म्हटलं, ते त्यानं बघितलं. माझे कान तापले. मी हनुवटी सोडवून घेतली, मापटं छातीशी धरलं आणि विचारलं,

"तॅ की, त्वा?"

"आँ?"

"तॅ की, त्वा?"

गयामायनं इकडंतिकडं बघितलं. "काय म्हन्तंय गं लेकरू?" मागची बाई म्हणाली, "इचारती, तू कोन म्हून. सांग की बये, तिला नाव लागतंय." रांगेत खसखस पिकली. मी तिसऱ्यांदा विचारलं. मराठीत विचारलं असतं तर कदाचित मला माझंच ऐकू आलं असतं. त्या भाषेत मला काही ऐकू आलं नाही.

"मी कोन?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारात पडल्यासारखी. तिच्याकडं उत्तर होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तिनं म्हणायचं होतं, तुला फिरवून काढली ती मी. तिनं ते म्हटलं नाही. छबीला वर सरकवलं, वाटी पदरात घेतली आणि म्हणाली, "मी कोनी न्हाई, बाई."

आणि निघाली. मी हातात भरलेलं मापटं धरून उभी. पाठीमागून आण्णा हसत म्हणाले, "बघा साहेब, आमची सुमी फॉरेनची भाषा बोलती!" कॅमेरेवाल्यानं माझा फोटो काढला. तो फोटो कुठं छापून आला की नाही, मला माहीत नाही. देवानं करावं आणि तो काळाच निघालेला असावा.

दुसऱ्या दिवशी गयामाय आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सुलाबाईनं छबीचं कार्ड माझ्यापुढं धरलं, कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "गेली. आईबापाकडं, ऊसतोडीला." हातानं कोयता चालवून दाखवला. सुलाबाईनं मान हलवली आणि कार्डावर आडवी रेघ ओढली. पेन्सिल माझ्याकडूनच घेतली होती.

पंधरा-वीस दिवसांनी असेल, सुलाबाई जीपमधून पालीच्या केंद्रावर वजनं घ्यायला निघाली आणि मला जीपची हौस म्हणून मीही बसले. पाली आमच्यापासून अडीच कोस. वाटेत डाव्या हाताला पालीच्या जुन्या धरणाचं तळ उघडं पडलेलं, भेगाळलेलं. पालीच्या रांगेत शेवटी, झाडाच्या सावलीलासुद्धा नाही, पायांना चिंध्या गुंडाळलेली गयामाय बसलेली. मांडीवर छबी. पालीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून सगळ्यांचं वाटून झाल्यावर खरवडीचं जे उरेल ते तिला मिळायचं, नाही उरलं तर नाही. एवढ्यासाठी ती रोज अडीच कोस यायची, अडीच कोस जायची, पोर काखेला मारून, त्या उन्हात. आमचं गोदाम तिच्या वस्तीपासून हाकेवर होतं.

सुलाबाईनं तिला ओळखलं. धावत गेली, गुडघ्यावर बसली, छबीच्या दंडाला पट्टी गुंडाळली. लाल. मला तो रंग अजून दिसतो. सुलाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली आणि मग गयामायला विचारायला लागली, "गाव तिकडे. का इकडे? का?" गयामायला तिचं बोलणं उमगेना. म्हणून सुलाबाई माझ्याकडं वळली. मी मधली होते ना. दोघींचं सगळं बोलणं माझ्यातून जाणार होतं.

"कावून आलीस हितं, इचारती," मी म्हटलं. खाली बघून म्हटलं.

गयामायनं माझ्याकडं बघितलं. "सांग तिला," ती म्हणाली, "हितं मला कोनी वळखत न्हाई. म्हून कोनी इचारीतबी न्हाई. बरं पडतं."

सुलाबाई माझ्या तोंडाकडं बघत थांबलेली. मी दोन बोटं एकमेकांना जोडून दाखवली आणि म्हटलं, "बहीण. इथं हिची बहीण राहते."

गयामायनं ती दोन बोटं बघितली. ती भाषा तिला येत होती. तिनं मान फिरवून छबीच्या तोंडावर पदर घेतला. आणि सुलाबाईनं विश्वास ठेवला. ते मला सगळ्यांत जास्त लागतं, की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी माय चुलीपुढं होती. मी तिच्या पाठीशी बसून सगळं सांगितलं, तोंड दिसू नये म्हणून पाठीशी. मायनं तव्यावरची भाकरी करपू दिली. मायच्या हातून भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच बघितली. मला वाटलं आता फुंकणी पाठीत बसणार. तिनं मारलं नाही. म्हणाली, "तू झालीस तवा मला दोन दिस सुद नव्हती. माज्या आदी तिनं बघितलंय तुजं तोंड." थोड्या वेळानं म्हणाली, "आण्णांना सांगू नगं. त्येंला हसू यील."

सकाळी मी सुलाबाईपुढं कान धरून उभी राहिले. छबीचं कार्ड काढलं, रेघ ओढलेलं, आणि माझ्या छातीला बोट लावलं. तिला किती कळलं कोण जाणे. ती हळूच म्हणाली, "त्वा?" मी मान हलवली. ती रागावली नाही. नवीन कार्ड केलं, लाल खडूनं खूण केली, लाल खुणेच्या लेकरांना दुधाची भुकटी जास्तीची मिळायची ती एका पुडीत बांधली. मग माझ्या हातातून मापटं काढून घेतलं आणि दुसऱ्या मुलीला दिलं. मला त्यानंतर भांडी पुसायचं काम होतं. ती जाईपर्यंत तिनं मला पुन्हा मापटं दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

तीच पुडी आणि डबाभर सुकडी घेऊन मी वस्तीवर गेले. त्या अंगाला मी आयुष्यात पहिल्यांदाच जात होते. माझ्या जन्मापासून ती आमच्याकडं येत होती, आमच्यातलं कुणी तिच्याकडं कधी गेलं नव्हतं. दारात कापडाचा पडदा. मी बाहेर उभी राहिले आणि मनात घोकत राहिले. ती आतून विचारणार, कोन हाय? मग मी काय सांगणार? सुमन, चेअरमनची? तुझी सुमी? मला वाटत होतं, तिनं विचारावं. तिनं दहा वेळा विचारावं, कोन हायेस तू, आणि मला उत्तर येऊ नये, म्हणजे फिटेल.

तिनं विचारलंच नाही. पडद्याखालून तिला माझे पाय दिसले असणार.

"या, बाई," ती आतून म्हणाली. "वाकून या. चौकट खाली हाय."

मी वाकून आत गेले. तिनं पोतं झटकून मला बसायला टाकलं. छबीला भुकटीचं दूध पाजलं, बोटानं, थेंबथेंब. झाल्या गोष्टीचा एक शब्द नाही. मी म्हटलं, "गयामाय, मला सुमे म्हण की." ती हसली. "आता मोठ्या झालाव तुमी, बाई," म्हणाली.

छबी वाचली. गयामाय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझ्या लग्नात आली, माझ्या पहिल्या बाळंतपणाला तीच होती. कळा येताना माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती म्हणत होती, "जोर लावा, बाई. लावा जोर." सुमे म्हणाली नाही. माझी हनुवटीही तिनं परत कधी धरली नाही.

मला गावातल्या गावातच दिली, आणि छबीही आता इथल्याच दूध सोसायटीवर असते. धडधाकट बाई, आवाज असा की चरवीतलं दूध नासावं. सकाळी मी दूध घालायला जाते तेव्हा दहा जण मागं सारून ती मला पुढं घेते, "सरका रं, बाई आल्यात." मी कितीदा म्हटलं, अगं, मला मावशी म्हण, काकू म्हण. ती म्हणते, "न्हाई बाई, आमची आज्जी तुमास्नी बाईच म्हनायची. लई मानायची तुमाला."

मी चरवी पुढं करते. ती माप घालते, वही उघडते आणि मला न विचारताच नाव लिहिते.